मागे बसलेल्या काकू

१

रोज सकाळी निघण्याआधी ट्रीना कूपमन तीच कामं त्याच क्रमाने करायची. किटलीतलं उरलेलं पाणी बाहेर झुडपात ओतून किटली कोरडी पुसायची, कप खणात उपडे घालायची, कपाटांच्या खिट्ट्या लावायची. मग गॅस बंद, नळ बंद, पडदे ओढलेले, आणि शेवटी कॅरव्हॅनच्या दाराला कुलूप घालून चावी स्वेटरच्या खिशात. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. तिला कुणी आठवण करून द्यावी लागत नसे.

बाहेर तिचा नवरा इसाक टेकू वर उचलायचा आणि कॅरव्हॅनचा हूक गाडीला नीट बसलाय ना, हे तीनदा हिसडून बघायचा.

"काय सिस्टर, पेशंट हलवायचा का?"

"हलव. पण हळू. काल खड्ड्यात घालून माझी चार अंडी फोडलीस."

"खड्डा मी नव्हता खणला."

वूस्टरहून निघून तीन दिवस झाले होते. घाई कसलीच नव्हती. इसाक शाळेत सुतारकाम शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एकाच्या परसातून कोंबड्यांचं खुराडं झालेली एक जुनी कॅरव्हॅन उचलून आणली आणि दोन हिवाळे तिच्यात डोकं घालून बसला. आतलं टेबल, दोन्ही बाकं, झोपायची फळी, सगळं त्याच्या हातचं. मूलबाळ नव्हतं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात दोघं मिळून कुठे गेले असतील, तर नातेवाइकांच्या लग्नांना आणि मयतींना. आता ऐंशीच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, शंभर किलोमीटर झाले की थांबायचं, आणि हिवाळा सरताना उमलणारी ऑगस्टची फुलं बघत कारूच्या माळरानावर भटकायचं, असा बेत होता.

त्या दिवशी सदरलँडच्या कॅरव्हॅन-तळावर गवत दहिवराने पांढरं झालं होतं. दोघं निघाली आणि शंभर किलोमीटरवर, एका मिरीच्या झाडाखालच्या सिमेंटच्या टेबलापाशी थांबली. ट्रीना रस्क आणायला कॅरव्हॅनमध्ये चढली. जाता जाता तिचा हात किटलीला लागला आणि तिने तो पटकन मागे घेतला.

किटली गरम होती. चहा ओतून पाच मिनिटं झाल्यावर असते तशी. हलवून बघितली, तर तळाशी कपभर पाणी होतं.

"इसाक! किटली गरम आहे."

"ऊन लागलं असेल."

"पडदे ओढलेत. आणि बाहेर तुझं नाक गारठलंय, ते कुठल्या उन्हात?"

इसाकने आत डोकावून गॅस बघितला. बंद होता. त्याने खांदे उडवले. "तू सकाळी रिकामी करायला विसरलीस."

"आणि पाणी दोन तास गरम राहिलं?"

"चांगली किटली आहे," तो म्हणाला, आणि रस्कचा डबा तिच्या हातातून घेऊन गेला.

ट्रीनाने पाणी ओतलं, किटली पुसली. पुसताना तिला वाटलं, आपण खरंच विसरलो असू. आता वयच आहे. पण तिच्या बोटांना सकाळची कोरडी किटली चांगली आठवत होती.

२

फ्रेझरबर्गला पेट्रोल भरायला थांबले. पंपावरची मुलगी लोकरीची टोपी कानांवर ओढून काच पुसत होती. पुसून झाल्यावर ती ट्रीनाच्या खिडकीशी आली आणि लाकडी ठोकळ्याला बांधलेली एक चावी पुढे केली.

"संडासाची चावी, काकू. मागच्या काकूंना हवी असेल ना?"

"कुठल्या काकूंना?"

"त्या मागे बसल्यात त्यांना." मुलीने मानेनेच कॅरव्हॅनकडे खूण केली. "मी हात केला, पण त्यांनी बघितलं नाही. आणि राग नका मानू हं काकू, पण चालत्या कॅरव्हॅनमध्ये माणूस बसवत नाहीत. पोलिसांनी धरलं तर दंड होईल."

इसाक हसला. "अगं, आमच्या मागे कुणी नाही. आम्ही दोघंच."

मुलीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा ट्रीनाकडे बघितलं. म्हातारी माणसं दंड चुकवायला कशी थापा मारतात, हे तिला पाठ असावं. "बरं," ती म्हणाली आणि चावी परत घेऊन गेली.

ट्रीना उतरली. कॅरव्हॅनच्या बाजूच्या खिडकीचा पडदा वीतभर बाजूला सरकलेला होता. तिने खिशातली चावी काढून कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. बाकाखाली बघितलं, फळीखाली बघितलं, जिथे मांजरही मावणार नाही असं तळातलं कपाटसुद्धा उघडून बघितलं. रस्त्याच्या हिसक्यांनी पडदा सरकू शकतो. काचेवर उन्हाची तिरीप पडली की माणसाचा भास होतो. वॉर्डात तिने असले भास शेकडो जणांना समजावून सांगितले होते.

फक्त खिडकीजवळच्या बाकावरची गादी मधोमध दबलेली होती. ट्रीनाने तिच्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. मग दार लावून ती गाडीत येऊन बसली.

"काय निघालं?" इसाकने विचारलं.

"काही नाही. तू गाडी चालव."

३

कार्नार्व्हनच्या पुढे एका धरणाकाठी दोन दिवस मुक्काम केला. तिसरं कुणी नव्हतं. पाण्यात गुलाबी पायांचे पक्षी होते, वारा पडला होता, आणि ट्रीना दुर्बीण घेऊन दुपारभर काठावरच्या खडकावर बसायची. इसाक मटणाचे चॉप भाजायचा, निखाऱ्यांवर पाव शेकायचा आणि पाठ दुखते म्हणून कुरकुर करायचा. सगळं जसं ठरवलं होतं तसंच चाललं होतं, म्हणून तिने किटलीचा आणि गादीचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला इसाकने टेबलावर तीन कप मांडले.

"पाहुणा येणार आहे का?"

त्याने कपांकडे बघितलं. "अरेच्चा!" एक उचलून ठेवला. "हात आपला आपण चालतो. बाकी सिस्टर, तुझंही काही ठीक दिसत नाही मला. स्वतःच्या घराच्या मागच्या दाराची चावी कुठे असते, ते विसरायला लागलीस."

"मी कधी विसरले?"

"काल दुपारी नाही का विचारलंस? आत पडली होतीस तेव्हा. चावी कुठे ठेवतो, वरच्या खोलीची खिडकी कुणाच्या अंगणात उघडते, शेजारी कोण राहतं. मी म्हटलं, झोपेत बरळतेयस. पण तुला सगळं नीट ऐकायचं होतं. मग सांगत बसलो तासभर."

ट्रीनाने हातातला पाव खाली ठेवला.

"इसाक, काल दुपारी मी धरणावर होते. जेवल्यापासून उन्हं उतरेपर्यंत."

"असशील. पण मधे येऊन पडलीस ना! पाठ करून पडली होतीस. हाच स्वेटर."

"तोंड बघितलंस माझं?"

"बायकोचं तोंड काय बघायचं? एक्केचाळीस वर्षं बघतोय." तो हसला, आणि ती हसत नाही असं बघून थांबला.

मग ट्रीनाने नर्सला जे येतं ते केलं. आज वार कुठला, शंभरातून सात वजा करत जा, तुझ्या आईच्या माहेरचं गाव सांग. इसाकने सगळं बरोबर सांगितलं. वजाबाकी तर तिला पडताळता येईना इतक्या झटपट केली. नंतर पाण्याच्या काठी एकटीच उभी राहून तिने तेच प्रश्न स्वतःला विचारले. तीही चुकली नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. दोघांपैकी एकाचं डोकं बिघडलं असतं तर त्याला निदान औषध होतं.

४

तिसऱ्या दिवशी विलिस्टनकडे निघाले ते आडवाटेच्या खडीच्या रस्त्याने. इसाकची पाठ आता खरोखरच धरली होती. तासाभरात त्याने गाडी कडेला घेतली.

"मी मागे आडवा होतो. तू चालव."

"मागे नाही जायचं. इथेच सीट पाड."

"सीट पाडून ही पाठ सरळ होते का? तूच सांग, नर्स तू आहेस. वीस किलोमीटरचा प्रश्न आहे. इथे कोण पोलीस बसलाय?"

"पोलिसाची नाही भीती मला."

"मग कुणाची?"

ते नाव तिला घेता येईना. भर सकाळी, निळ्याभोर आभाळाखाली, शहाण्या माणसाला सांगायचं तरी काय? इसाक आत जाऊन फळीवर आडवा झाला. दार चालताना उघडू नये म्हणून ट्रीनाने बाहेरून कुलूप घातलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली.

गाडीच्या मागच्या काचेतून कॅरव्हॅनची पुढची खिडकी सरळ आरशात दिसायची. तिच्यावर पडदा होता. ट्रीना पन्नासच्या वेगाने चालली होती. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, तारेचं कुंपण, लांबवर एक पवनचक्की. आठ-दहा किलोमीटर गेल्यावर तिने आरशात बघितलं, तर पडदा उघडा होता.

इसाक टेबलाशी बसला होता. बोलत होता. हात हलवून, एखादी जुनी गंमत सांगताना बोलतो तसा, आणि मधेच मान मागे टाकून हसला. त्याच्यासमोर, तिच्याकडे पाठ करून, कुणीतरी बसलं होतं. खांदा दिसत होता आणि टेबलावर टेकलेला कोपर. स्वेटर रस्कच्या रंगाचा होता.

ट्रीनाने स्टिअरिंगवरच्या स्वतःच्या बाहीकडे बघितलं. तोच रंग. कोपरापाशी तिने स्वतः घातलेला तपकिरी टाका. पुन्हा आरशात बघितलं. तिथल्या कोपरावरही काहीतरी तपकिरी होतं. आणि ते डोकं हळूहळू, कुणीतरी हाक मारल्यासारखं, काचेकडे वळायला लागलं.

तिने करकचून ब्रेक दाबला. मागून आलेला धुरळा गाडीवरून पुढे गेला आणि सगळं पिवळं झालं. धुरळा बसला तेव्हा पडदा ओढलेला होता.

कुलूप उघडताना चावी दोनदा खाली पडली. आत इसाक टेबलाशी एकटाच बसला होता. पुढ्यात दोन कप होते, दोन्ही अर्धे.

"बोलत कुणाशी होतास?"

"तुझ्याशी," तो म्हणाला. मग त्याने दारातल्या तिच्याकडे नीट बघितलं, आणि समोरच्या दुसऱ्या कपाकडे. "मला वाटलं आपण थांबलोय. मला वाटलं, तू आत आलीस."

५

दोघं पुढेच बसली. पडदा ओढलेला होता तरी ट्रीनाने मधला आरसा वर वळवून ठेवला. इसाक जवळजवळ कुजबुजत होता.

"चांगली बोलत होती गं. तुझ्यासारखीच. पण प्रश्नच फार विचारत होती."

"गप्प बस आता."

"मी सगळं सांगितलं तिला, ट्रीना. आपलं सगळं."

दहा-बारा किलोमीटरवर एक मेंढ्यांचा मळा लागला. मालक केपटाऊनला असायचा. मळा सांभाळायला मीएता बेउक्स नावाची मुकादमाची विधवा होती, साठीची, कमरेवर हात ठेवून बोलणारी. कॅरव्हॅनचं चाक कुरकुरतंय, मागाहून येऊन घेऊन जाऊ, असं ट्रीनाने सांगितलं. मीएताला कारणाशी देणंघेणं नव्हतं.

"लोकरीच्या शेडमागे लावा. जागा काय, वाट्टेल तेवढी आहे इथे. फक्त चावी द्या, अधूनमधून दार उघडून हवा खेळवीन. नाहीतर उंदीर संसार थाटतात."

इसाकने टेकू टेकवले, हूक सोडवला. ट्रीना विजेची तार गुंडाळत होती तेव्हा तो म्हणाला, "पाठीच्या गोळ्या आत राहिल्या," आणि पायरी चढला. तिने "थांब" म्हणेपर्यंत तो आत गेलासुद्धा. तार गुंडाळून होईपर्यंत, म्हणजे दोनेक मिनिटं, आतून काही आवाज नव्हता. मग इसाक बाहेर आला आणि त्याने मागे दार ओढून घेतलं. ट्रीनाने धावत जाऊन कुलूप घातलं आणि शेडपलीकडच्या घरात मीएताला चावी देऊन आली.

"मिळाल्या गोळ्या?"

"हो."

तो गाडीत जाऊन बसला. डावीकडच्या सीटवर, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. सकाळी पाठीपायी दिली तेवढी सोडली, तर एक्केचाळीस वर्षांत इसाकने न भांडता तिला गाडी चालवायला दिली नव्हती. ट्रीनाला त्या क्षणी त्याचं इतकं बरं वाटलं की ती बाकी काहीच विचारात घेऊ शकली नाही. वूस्टरपर्यंत ती न थांबता चालवत आली, आणि तो वाटभर खिडकीबाहेर बघत होता, लहान मूल नवं गाव बघतं तसा.

६

घरी आल्यावर तीन आठवडे काही म्हणजे काही झालं नाही.

इसाक वागायला चांगला झाला होता. भांडी घासायचा. तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. कुरकुर बंद. पाठीचं नाव नाही, गोळ्यांचं नाव नाही. धक्का बसलेला माणूस असा हळवा होतो, हे ट्रीनाने पाहिलेलं होतं. फक्त परसातल्या शेडमध्ये त्याची हत्यारं होती, तिकडे तो एकदाही फिरकला नाही. आणि जाता-येता तो भिंतींवरून, दारांच्या चौकटींवरून तळहात फिरवत राहायचा, सावकाश, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

"हे दार कुणी केलं?" एकदा त्याने विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच."

"छान केलंय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून ट्रीना दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. पाय दुखतात, रात्री वळवळते, तुझी झोप मोडते, असं तिने त्याला सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं नाही.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास घरचा फोन वाजला. इसाक स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. फोनवर मीएता होती, वाऱ्यात ओरडून बोलत होती.

"काकू, तक्रार नाही बरं का. नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही. माझाही होता एक. पण आता तीन आठवडे झाले, आणि काका काही नीट खात नाहीत. थंडी कमी होईना. तेव्हा म्हटलं, विचारावं, कधी नेताय त्यांना?"

"कुणाला?"

"अहो, काकांना! दुसऱ्या दिवशी हवा खेळवायला दार उघडलं, तर आत बसलेले. मी हात कपाळाला लावला. कुलूप घालून गेलात हो तुम्ही! मी तेव्हाच फोन करणार होते, पण ते म्हणाले, नको, ती रागावलीय, शांत झाली की येईल. रोज तेच म्हणायचे. काल ताप आला तेव्हा कुठे नंबर दिला. खाली रेंज नाही, त्यासाठी टेकडी चढून आलोय आम्ही. थांबा, देते."

फोनमध्ये वारा घोंघावला. मग कुणीतरी धापा टाकल्या.

"ट्रीना? मी काय केलं गं? काही चुकलं असेल तर सांग ना. असं कोंडून जातात का?"

स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला.

"कुणाचा फोन गं?" इसाकने आतून विचारलं.

एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा, आणि दोन्ही आवाज तिच्या नवऱ्याचे. वॉर्डात एखादा पेशंट गेला की बाहेर नातेवाइकांसमोर जायच्या आधी ती चेहरा घट्ट करायची. तसाच तिने आता केला.

"चर्चमधून," ती आत बघून म्हणाली. फोनमध्ये हळूच म्हणाली, "येते." आणि ठेवला.

पर्स घेतली, गाडीची किल्ली घेतली. इसाक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. हातात अर्धा सोललेला बटाटा, सालाची लांबलचक अखंड फीत लोंबत होती. तिने काही सांगायच्या आत तोच बोलला.

"जा तू. घराची काळजी करू नकोस."

७

पोचायला दुपार टळून गेली. शेडमागे कॅरव्हॅनच्या पायरीवर, मीएताचं घोंगडं पांघरून एक म्हातारा बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. गाडी थांबली तसा तो उठला, पाठ धरून कण्हला, आणि तिच्याकडे न बघता वाकून पुढच्या चाकाकडे बघायला लागला.

"हवा कमी आहे," तो म्हणाला. "अशीच आलीस वूस्टरपासून? टायर फाटून मरायचंय का?"

ट्रीनाने त्याला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडली. त्याला लाकडाच्या भुशाचा, घामाचा आणि पाठीच्या मलमाचा वास येत होता.

"मी कुलूप घातलं," ती म्हणत राहिली. "मीच घातलं."

"मी दार वाजवलं गं. तुझी गाडी जाताना ऐकली," तो म्हणाला. "पण तू पुन्हा आलीस कशी आत, ते मला अजून कळलं नाही."

"कधी?"

"त्याच रात्री. उठून बघतो तर तू दाराआडच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून. रात्रभर एक अक्षर नाही. सकाळी मीएताने दार उघडलं, ती कोंबड्यांकडे वळली, आणि तू उठून रस्त्याने चालायला लागलीस. मी हाका मारमारून घसा बसवला. एकदासुद्धा मागे बघितलं नाहीस."

"कुठल्या बाजूला?"

इसाकने हात केला. दक्षिणेला, ती जिकडून आली होती तिकडे.

दोघं पायरीवर बसून राहिली. मीएताने चहा आणून दिला, दोघांचे चेहरे बघितले आणि कोंबड्यांकडे निघून गेली. इसाकने विचारलं, "घरी कोण आहे आत्ता?" ट्रीनाने घोंगडं त्याच्या खांद्यांवर नीट ओढलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हूक बसवला आणि उत्तरेला निघाले.

८

त्याला आता सात महिने झाले. वूस्टरला ती दोघं गेली नाहीत. जायचं ठरवून दोनदा निघाली. एकदा वूस्टरच्या अलीकडच्या सेरेसपर्यंत गेली आणि घाटाच्या तोंडाशी इसाकनेच गाडी वळवली. बहिणीला ट्रीनाने कळवलं, आम्ही फिरतोय. बहीण म्हणाली, "म्हणजे? रविवारी चर्चमध्ये तर भेटलीस." ट्रीनाने पुन्हा बहिणीला फोन केला नाही. दोघांचं पेन्शन येतं, त्यावर भागतं. कॅरव्हॅनच्या आत आता किटली थंड असते, गादी सपाट असते, पडदे ठेवावे तिथे राहतात. ट्रीना रोज बघते.

एप्रिलच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळी गावात मुक्काम होता. सकाळी धुकं विरलं, बोटी परतल्या, इसाक स्नूक मासा घेऊन आला आणि साफ करता करता म्हणाला, "पावसाळ्याआधी पन्हळ साफ करायला हवी. नाहीतर वरच्या खोलीत पाणी गळतं."

"गळू दे."

"मी बांधलेलं घर आहे ते, ट्रीना."

"मग काय करणार आहेस?"

त्याने हात धुतले, फोन घेतला आणि टेबलाशी तिच्यासमोर बसला. ती त्याला अडवू शकली असती. तिला वाटलं, एकदाचं कळू दे. कदाचित कुणी उचलणारच नाही. रिकाम्या घरात घंटी वाजत राहील, आणि मग उद्या उठून घरी जाता येईल. इसाकने आवाज मोठा करून फोन टेबलावर मधे ठेवला.

तिसऱ्या घंटीला उचलला.

"कूपमन," पलीकडून इसाकचा आवाज म्हणाला. आनंदी होता. जेवता जेवता उठून आल्यासारखा.

पलीकडे, खोलीच्या आतून, चमच्यांचा आवाज आला, आणि मग एक बाई बोलली.

"कोण आहे रे? ये लवकर, सूप गार होतंय."

आवाज ट्रीनाचा होता. रोजचा, थोडा दटावणीचा, शेवटचा शब्द किंचित लांबवणारा. कुठे खोट म्हणून नव्हती. तिला स्वतःला क्षणभर वाटलं, हे आपणच बोललो. आणि तिने ओठांना हात लावून बघितलं.

पलीकडून फोन ठेवला गेला.

बाहेर समुद्रपक्षी माशाच्या आतड्यांवरून भांडत होते. ट्रीनाने मान वर केली. इसाक तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे, मग स्वेटरच्या कोपराकडे, मग टेबलावरच्या तिच्या हातांकडे. मळ्यावर कोण आलं त्याला न्यायला, ते तो आता पहिल्यापासून आठवत होता.

"इसाक," ती म्हणाली. "अरे, मी आहे."

"हो," तो म्हणाला. "हो ना. बस तू. मी चहा टाकतो."

तो उठला. टेबलाच्या कडेला धरून, तिच्यावरची नजर न काढता, एकेक पाऊल मागे टाकत तो दारापर्यंत गेला. गॅस दुसऱ्या बाजूला होता.